मागाखालचा कोबा

शाहूपुरी, कोल्हापूर
२२ जून २०२५

चि. सम्मेद,

जय जिनेंद्र. फोन करू नकोस. तुझा फोन आला की तुझी आक्का तो माझ्या कानाला लावते, मी "बोल की" म्हणतो, आणि पलीकडून नुसती घरघर ऐकू येते. मग तू ओरडतोस, मी ओरडतो, समोरच्या घरातली माणसं खिडकीत येतात. उभा जन्म मागापाशी काढून गेलेले कान डॉक्टरच्या मशीननं परत आलेले नाहीत. म्हणून लिहितोय. तूही लिही.

काल आक्कानं पाटीवर लिहून दाखवलं की कबनूरला आपल्या मागाच्या शेडचा कोबा फोडायचा चाललाय. स्नेहलला तिथं पाळणाघर काढायचंय म्हणे. काढा की! मी कोण नको म्हणणारा? माग गेले, आता रिकाम्या शेडमध्ये पोरं रडली काय आणि हसली काय, मला दोन्ही ऐकू यायचं नाही. पण कोबा कशाला फोडता?

तो कोबा मी घातलाय. तुझी आई पाट्या उचलून देत होती आणि मी थापीनं ओढत होतो. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. त्यावर चार माग रात्रंदिवस धडधडले, पण एक चीर गेलेली मला दाखव. आणि आता कोणी फरशीवाला येतो, बुटाच्या टाचेनं ठोकून बघतो आणि म्हणतो फोडा. त्याला कामाची मजुरी मिळणार, तो म्हणणारच.

फरशी घालायची तर वरून घाला. फोडायचं नाही. उत्तर पाठव.

अण्णा

*

कबनूर
२८ जून २०२५

ती. अण्णा,

जय जिनेंद्र. पत्र यांच्या नावानं होतं, उत्तर मी देते आहे. यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि कामावर निघून गेले. तुम्हाला मुलाचा स्वभाव माहीत आहे. मला सून असूनही जास्त बोलायची सवय आहे, तीही माहीत आहे.

तुम्ही म्हणता कोब्याला चीर नाही. चीर नाहीच. पण तो सपाटही नाही. जिथं माग होते तिथं चारही ठिकाणी जमीन दोन दोन बोटं खचली आहे, आणि मधल्या वाटा उंच राहिल्या आहेत. मागाचे बोल्ट काढले तिथं मूठभर खड्डे आहेत. मी परवा शेड धुवायला बादली ओतली. सगळं पाणी मागांच्या जागी जाऊन बसलं आणि कोब्यात मुरलंच नाही. वर थेंब थेंब होऊन थरथरत राहिलं. इतकी वर्षं सांडलेलं तेल आत उतरलंय, अण्णा.

आमचा फरशीवाला जोतीराम कुणी परका नाही, त्यानं तुमच्या शेजारच्यांचं अख्खं घर केलंय. तो म्हणाला, "वैनी, ह्यो कोबा न्हाय, तेलात बुडवल्याली भाकरी हाय. ह्याच्यावर शिमिट धरतंय व्हय?" कोबा काढायचा, खालची तेलकट माती काढायची, मुरूम टाकून पाणी मारून धुमसानं ठोकून जमीन घट्ट करायची, मग नवीन काँक्रीट, पाण्याच्या नळीनं लेव्हल, ते चांगलं वाळलं की फरशी. दहा जुलैनंतर तो मोकळा होतोय. पंधरा ऑगस्टला मला पाळणाघर सुरू करायचंय.

मी बालवाडीतली नोकरी सोडली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. गारमेंटमध्ये शिलाईला जाणाऱ्या बायकांची पोरं माझ्याकडे येणार आहेत. रांगणारी आहेत, नुकती पाऊल टाकायला लागलेली आहेत. त्यांच्यासाठी जमीन म्हणजे सगळं काही असतं. हे पाळणाघर चाललं नाही तर मला परत बालवाडीच्या त्याच मोठ्या बाईंपुढे जाऊन घ्या म्हणावं लागेल, आणि मला ते करायचं नाही.

तुम्ही वडीलधारे म्हणून कळवते आहे. परवानगी मागत नाही.

आपली,
स्नेहल

*

शाहूपुरी
१० जुलै २०२५

स्नेहल,

तुझं पत्र पोचलं. परवानगी मागत नाहीस, बरं केलंस. मीही एक गोष्ट कळवतो, परवानगी मागत नाही.

मी इथं रोज दर्शनाला जातो त्या बस्तीत महाराजांचा चातुर्मास बसला. पावसात जमीन भिजलेली असते, आत किती जीव असतात ते तुला सांगायला नको, तुझ्या माहेरीही हेच शिकवलं असेल. मी महाराजांपुढे हात जोडून नेम घेतला, की या चातुर्मासात आमच्या जागेत कुदळ पडणार नाही. कबनूरच्या घरात, शेडमध्ये, परसात, कुठंच नाही. दिवाळी होऊन चातुर्मास उठेपर्यंत.

जागा माझ्या नावावर आहे. आता घरच्या माणसांना नेम मोडायचा असेल तर त्यांनी मोडावा. मी काय, बहिरा माणूस, मला आवाजही यायचा नाही.

सम्मेदला हे पत्र वाचायला दे.

अण्णा

*

कबनूर
१९ जुलै २०२५

ती. अण्णा,

दिलं वाचायला. यांनी वाचलं आणि त्याच संध्याकाळी जोतीरामला परत पाठवलं. तो हत्यारं घेऊन दारात आला होता. हे त्याला म्हणाले, "आमच्या अण्णांनी नेम घेतलाय, आता न्हाय जमणार." जोतीराम बिचारा म्हणाला, "नुसते छिन्नीचे टाचे तरी मारतो, वरचा थर खरवडतो." हे त्यालाही नको म्हणाले. लोखंड लागायला नको! मी तिथं उभी होते. मला इतका राग आला की मी आत जाऊन डाळीचा डबा उगाच खाली काढला आणि परत वर ठेवला.

मी नेमाला हसत नाही. माझ्या आईनं कांदा-बटाटा आयुष्यात कापलेला नाही आणि मी स्वतः चातुर्मासात रात्रीचं जेवत नाही. पण नेम आपल्या जिभेवर घेतात, आपल्या पोटावर घेतात. माझ्या जमिनीवर तुम्ही कसा घेतलात? मला न विचारता माझ्या नावानं उपास धरल्यासारखं झालं हे.

आता दुसरा माणूस मिळालाय, इचलकरंजीचा. तो म्हणतो न फोडता होतं, सोड्यानं धुऊन वरून सिमेंटचा थर देतो आणि खड्ड्यांत जाड करून लेव्हल काढतो. सोड्यानं तीन वेळा धुतलं. मी वर पाणी शिंपडलं तर थेंब तसाच. मी म्हटलं, हे धरायचं नाही. हे म्हणाले, "अण्णांचा शब्द राहू दे." मी म्हटलं, आणि माझा?

काम सुरू झालंय. चांगलं झालं तर तुमचं नशीब. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, मी घरात यांच्याशी कामापुरतंच बोलते आहे.

स्नेहल

*

शाहूपुरी
३ ऑगस्ट २०२५

स्नेहल,

सम्मेदनं आक्काच्या मोबाईलवर फोटो पाठवला. पांढऱ्या फरशीत ट्यूबलाइट दिसतेय, एवढी चकचकीत. बघ, झालं की नाही? कुदळ नाही, धूळ नाही, एक मुंगी मेली नाही. त्या जोतीरामाला नेऊन दाखव.

आता रागावली आहेस तर माझाही राग ऐकून घे. गेल्या दिवाळीनंतर मला सम्मेद कान दाखवायला कोल्हापूरला घेऊन आला. दिवसभर इथं बसवलं, तपासणी केली, संध्याकाळी एसटीनं घरी नेलं. मी सवयीनं आधी शेडचं दार उघडलं, तर आत उजेडच उजेड. चारही माग गेले होते. भंगारवाल्याचा ट्रक दुपारी येऊन गेला होता. मी सम्मेदकडे बघितलं तर तो चप्पल काढायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

माग चालत नव्हते, मला ठाऊक आहे. सूत परवडत नव्हतं, कापडाला भाव नव्हता, सुट्टे भाग मिळत नव्हते. विकायलाच हवे होते. मला विचारलं असतं तर मी चार शिव्या देऊन हो म्हटलं असतं. पण विचारलं कुणी? माणूस बहिरा झाला म्हणजे त्याला काही सांगायचंच नाही, असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत का? पाटी होती की घरात, खडू होता! एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

त्यानंतर काही दिवस मी तिथं राहिलो ते लगेच निघायची लाज वाटली म्हणून. मग इकडं लेकीकडं आलो. आणि इथं आल्यावर कळतंय, की आता कोबाही फोडायचा, तेही मला आक्काकडून कळणार.

फरशी छान झाली आहे. पोरं येऊ देत.

अण्णा

*

कबनूर
२९ ऑगस्ट २०२५

अण्णा,

फरशी उठली.

पंधरा तारखेला पाळणाघर सुरू केलं. पहिला आठवडा बरा गेला. नंतर पाऊस लागला तसा दुसऱ्या मागाच्या जागेवर पाय ठेवला की खाली पोकळ वाजायला लागलं. मी यांना म्हटलं, ऐका. हे म्हणाले, बसेल. बसली नाही, उचलली. एका फरशीची कड नखाएवढी वर आली होती. नखाएवढीच! मोठ्या माणसाला कळलीही नसती. गारमेंटला जाणाऱ्या क्रांतीची मुलगी नुकती चालायला लागलीय, हात पसरून माझ्याकडेच येत होती. तिचा अंगठा तिथं अडकला आणि ती तोंडावर आपटली. हनुवटी फाटली. टाके पडले.

क्रांती गारमेंटमधून धावत आली. पोरीची पिशवी उचलली, दुधाची बाटली उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघीजणी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच दाराला कुलूप लावलं, कारण फरश्या एकेक करून सुटायला लागल्या होत्या. हातानं उचलली तर अख्खी निघते, खाली सिमेंटसकट. आणि सिमेंटच्या पाठीला काळं तेल.

एक मुंगी मेली नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. त्या पोरीचं रक्त मी माझ्या पदरानं पुसलं, अण्णा.

आणि आता मला आणखी एक कळलंय. आक्का परवा फोनवर रडत रडत बोलल्या. माझं पत्र तुमच्या हातात पडलं, तुम्ही ते वाचलं, चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून छत्री न घेता तडक बस्तीत गेलात आणि नेम घेऊन आलात. तोपर्यंत तुमच्या मनातही नव्हतं. मग तुम्ही तो नेम महाराजांपुढे घेतलात की माझ्यापुढे? जीव वाचवायला घेतलात की माझी कुदळ अडवायला? मला उत्तर हवं आहे. गोल गोल नको.

मागांचं म्हणाल तर तुम्ही खरं बोललात. तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी घरात होते, ट्रक मी बघितला, चहासुद्धा मीच दिला त्या लोकांना. मला वाटलं, हे बघून घेतील. यांना वाटलं, मी बघून घेईन. हे आमचं चुकलं. पण त्याचा राग तुम्ही आमच्यावर काढायचा होता. तो त्या लेकराच्या हनुवटीवर का काढलात?

स्नेहल

*

शाहूपुरी
९ सप्टेंबर २०२५

स्नेहल,

पर्युषण झालं. काल क्षमावाणी. बस्तीत सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले. मीही जोडले. ज्यांचं मी कधी काही बिघडवलं नाही अशा माणसांना उत्तम क्षमा, उत्तम क्षमा म्हणत फिरलो. आक्काच्या मोबाईलवर सम्मेदनं पाठवलेलं फुलांचं चित्रही आलं, खाली छापील क्षमा. ते शंभर लोकांना गेलं असेल. त्यानं मला कसलं बरं वाटणार?

तुला तसली क्षमा पाठवावी असं मनात आलं नाही. तुझ्या पत्राचं उत्तर आधी देतो. तुझ्यापुढे घेतला. राग आला म्हणून घेतला. जिवांची आठवण वाटेत झाली.

तुझं पत्र खिशात घेऊन महाराजांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पोरीच्या हनुवटीचंही सांगितलं. त्यांनी माझी पाटी मागून घेतली. मला वाटलं, मोठा उपदेश लिहितील. त्यांनी लिहिलं, "तू खणू नकोस, एवढाच तुझा नेम. दुसऱ्यानं खणू नये, हा नेम नव्हे, हुकूम." मग त्यांनी ते पुसून खाली आणखी लिहिलं, "रागात घेतल्याबद्दल सात दिवस एकाशन."

तेव्हा एकभुक्त आहे आणि दुपारनंतर माझा राग आणखी वाढतो, हेही तुला कळवून ठेवतो. आक्का माझ्यापुढे यायला घाबरते.

माझा नेम मी माझ्यापुरता चातुर्मास उठेपर्यंत पाळणार. तुमचे हात मोकळे आहेत. कोबा फोडा. सगळा फोडा, अर्धवट ठेवू नका. दाराजवळचा भाग कोरडा दिसेल, पण तिथं माझा तेलाचा डबा ठेवलेला असायचा आणि तो वर्षानुवर्षं गळत होता. तिथली माती खोलवर जाऊन काढायला लागेल.

क्रांतीच्या घरी मी स्वतः जाणार आहे. तिच्यापुढे काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मागांचं मी सोडलेलं नाही. तू कबूल केलंस, बरं झालं. पण तुझ्या नवऱ्याकडून मला अजून एक ओळ आलेली नाही. फुलांचं चित्र मी ओळ धरत नाही.

अण्णा

*

कबनूर
१४ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,

तुम्ही सरळ उत्तर दिलंत. मला वाटलं नव्हतं. पण त्यामुळे माझा राग गेला असं समजू नका, तो आहे. मी क्रांतीकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिनं दार लोटून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "ताई, जमीन नीट झाली की मला आधी बोलवा. मी सोता अनवाणी चालून बघणार, मग पोरीला सोडणार." मला ते पटलं. बाकीच्याही तिच्याकडेच बघून ठरवणार आहेत, तेव्हा माझं पाळणाघर आता तिच्या पावलांवर आहे. तोवर मी बालवाडीच्या बाईंकडे गेलेले नाही आणि जाणारही नाही.

तुम्ही तिच्याकडे जाणार असाल तर जाताना खाऊ नेऊ नका. तिला वाईट वाटेल. नुसते जा.

खालचं यांनी लिहिलंय. चार दिवस रोज रात्री कागद घेऊन बसत होते.

स्नेहल

अण्णा,

मला लिहायला जमत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

माग विकायचं मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. पाटी समोर होती. सांगितलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असता आणि मी थांबलो असतो. मी तुमच्यापुढे कधी नाही म्हणू शकलो नाही. मग ते माग गंजून खाली पडेपर्यंत आपण दोघं तिथं उभे राहिलो असतो. म्हणून तुम्हाला कोल्हापुरात बसवलं आणि ट्रक बोलावला. त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत तेव्हा तुमच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. अजून होत नाही.

पण मलाही राग आहे. तुम्ही निघून गेलात. भांडला असता तर चाललं असतं. तुम्ही पिशवी भरलीत आणि आक्काकडे जाऊन बसलात आणि तिथून नेम पाठवलात. आणि मी परत नाही म्हणू शकलो नाही. जोतीरामला दारातून परत पाठवला तो मी. ती फरशी पोकळ वाजत होती तेव्हा बसेल म्हणणारा पण मीच. पोरगी माझ्यामुळं पडली. स्नेहल तुमचं नाव घेते, पण ते अर्धंच खरं आहे.

आता एक सांगायचं आहे आणि या वेळी आधी सांगतो आहे. येत्या गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी आठ वाजता जोतीराम कोबा फोडणार. मी त्याला म्हटलंय, अण्णा आल्याशिवाय पहिला घाव घालायचा नाही. तुम्ही हात लावू नका, नेम पाळा. तेल कुठं किती खोल गेलंय ते उभं राहून दाखवा. यायचं नसेल तर तसं कळवा, आम्ही तुमच्याशिवाय सुरू करू. पण तुम्हाला माहीत नव्हतं असं पुन्हा होणार नाही.

मी न्यायला येणार नाही. तुम्ही आपल्या पायांनी गेला होता, आपल्या पायांनी या.

सम्मेद

*

शाहूपुरी
१६ सप्टेंबर २०२५

सम्मेद,

पत्र पोचलं. हे आक्काच्या शेजाऱ्याच्या हाती पाठवतोय, तो उद्या इचलकरंजीला येतोय.

बुधवारी संध्याकाळच्या एसटीनं येतो. आधी क्रांतीकडे जाईन, मग घरी. मी पोचायच्या आत कुणी कुदळीला हात लावला तर एकेकाचं तंगडं मोडीन. यंदाची क्षमावाणी होऊन गेली, आता वर्षभर मी रागवायला मोकळा आहे.

अण्णा